जड माणूस शेवटी

ऑगस्टमधल्या त्या संध्याकाळी मी फक्त एक हॉटेल शोधत होते. फार महाग नको, अगदी स्वस्तही नको. आईला गरम पाणी आणि स्वच्छ बाथरूम हवी होती आणि मला मोठ्या कंपनीचं हॉटेल नको होतं. जिथे जायचं तिथल्या माणसांच्या घरात राहावं. कुठल्यातरी परदेशी कंपनीच्या साबणाने हात धुवायला व्हिएतनामला कशाला जायचं, असं माझं ठाम मत होतं. अजूनही आहे.

गाव ठरलेलं होतं. होई आन. जुनं बंदर, पिवळ्या भिंतींची घरं, नदीकाठी रेशमी कंदील. आई नागपूरला शाळेत भूगोल शिकवायची. नकाशावर बोट ठेवून कितीतरी बंदरं तिने मुलांना दाखवली, पण एकाही बंदरावर तिचा पाय लागला नव्हता. बाबा गेल्यापासून ती एकटीच असते. मी कॅनडात, किचनरला. भाडेकरूंच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरी करते आणि स्वतः एका बेसमेंटमध्ये भाड्याने राहते. हा विनोद माझ्या आधी सगळ्यांनी करून झाला आहे.

आईचा कॅनडाचा व्हिसा दोनदा नाकारला होता. कारण दोन्ही वेळा एकच. मुक्काम संपल्यावर ह्या बाई देश सोडून जातील याची आम्हाला खात्री वाटत नाही. ते वाचून मी किती चिडले ते सांगत बसत नाही. ज्या बाईला शेजारणीकडे चहा घेतानाही आपल्या कुंड्यांना पाणी कोण घालेल याची काळजी, ती इथे कायमची राहणार म्हणे! मग कोणीतरी सुचवलं, एखादा परदेश करून वेळेवर परत आल्याचा शिक्का पासपोर्टवर असला की तिसऱ्या वेळी काम सोपं होतं. म्हणून व्हिएतनाम. आणि खरं सांगायचं तर नागपूरला गेले की आई स्वयंपाकघरात शिरते आणि मी नातेवाइकांच्या तावडीत सापडते. आम्हाला एकमेकींना भेटायचं होतं, घराला नाही.

तर हॉटेल. नदीपासून दोन गल्ल्या आत एक जुनं घर होतं, त्याचंच छोटं हॉटेल केलेलं. फोटो आवडले. पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. जिना नको, तळमजल्याची खोली हवी, आणि दारात पायऱ्या किती उंच आहेत हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मेसेजला उत्तर येईना. मला वाट बघता येत नाही. मी पाहुण्यांनी टाकलेले जुने फोटो चाळत बसले. एका फिकट फोटोत दारावरची लाकडी पाटी दिसली, तिच्यावर फोन नंबर रंगवलेला होता. एकदोन आकडे कमी वाटत होते, पण लावून बघायला काय जातं? लावला.

बाहेर अजून ऊन होतं. पण बेसमेंटला संध्याकाळ नसते. भिंतीच्या अगदी वर, जमिनीलगत, एक आडवी खिडकी, तिच्यातून लॉनची मुळं दिसतात. छताला चौकोनी पांढऱ्या टाइल्स, पत्र्याच्या चौकटीत नुसत्या ठेवलेल्या. हाताने उचलली की वर पाइप आणि अंधार. चैत्राली, माझी रूममेट, पलीकडे मॅगी करत होती. होई आनला तेव्हा सकाळ उजाडत असणार.

बराच वेळ वाजल्यावर कोणीतरी उचलला. आधी नुसता आवाज. खराट्याने ओल्या फरशीवरून पाणी लोटावं तसा. सर्रर्र... थांबून पुन्हा सर्रर्र.

"हॅलो?" मी म्हटलं. "रूमबद्दल विचारायचं होतं."

"विचार," एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. इंग्रजी मोडकं होतं, पण एकेक शब्द नीट ठेवलेला. "मी पायऱ्या धुते आहे. विचार."

मी म्हटलं, ऑक्टोबरच्या शेवटी यायचंय. दिवाळी झाली की. मी आणि माझी आई.

"ऑक्टोबरात पाणी येतं."

"पावसाची आम्हाला सवय आहे हो."

"पाऊस नाही. पाणी. घरात येतं. त्याला दार माहीत आहे."

मला जरा हसू आलं. हवामानाचे तक्ते मी पाहिले होते. पाऊस जास्त असतो, गर्दी कमी असते, असंच लिहिलं होतं. आणि मला रजा तेव्हाच मिळत होती. मी म्हटलं, चालेल आम्हाला. फक्त खोली खालची द्या, आईचा गुडघा दुखतो.

खराटा थांबला नाही. 

"आई खाली..." ती हळू म्हणाली. "नको. ऐक. आमच्या छताला चौकोनी झरोका आहे. पाणी आलं की वरून दोरी सोडतात, खालचं सगळं वर ओढून घेतात. आधी तांदूळ. मग कापड. मग पोरं. मग मोठी माणसं. जड माणूस शेवटी."

"शेवटी का?"

"जड असतं ना."

का कोण जाणे, मला पुढचं विचारवलं नाही. तीच बोलत राहिली. आमचं नवं वर्ष झालं की ये. फेब्रुवारीत. तेव्हा आकाश कोरडं असतं, नदी खाली असते, रस्ते झाडलेले असतात. खोली वरची घे. खिडकी रस्त्याकडे नको, मागच्या अंगणाकडे घे, तिकडे सकाळचं ऊन येतं.

"पण तिला जिना चढवत नाही..."

"फेब्रुवारीत चढेल," ती म्हणाली. एखादी डॉक्टरीण सांगेल इतक्या शांतपणे.

कुठल्या हॉटेलवाल्याने स्वतःचंच गिऱ्हाईक असं परतवलेलं मी पाहिलं नव्हतं. मला ती बाई एकदम आवडली. नाव विचारलं तर म्हणाली, "बा म्हण. बा म्हणजे आजी." मी म्हटलं, बा, तुम्ही फार चांगल्या आहात. आणि फोन ठेवताना, आपण ठेवतो तसं, अगदी आपसूक बोलून गेले, "तुम्हीपण कधी कॅनडात आलात तर आमच्याकडेच उतरायचं हं! हॉटेलबिटेल काही नाही. चांगलं निवांत राहायचं, जायची घाई करायची नाही."

खराट्याचा आवाज थांबला. पहिल्यांदाच.

"तुझं घर वरचं, की खालचं?"

"खालचं. बेसमेंट म्हणतात इथे."

"पाणी येतं?"

"इथे? नाही हो."

"कोणत्या महिन्यात यावं?"

मी हसले. "ऑक्टोबर. झाडं लाल होतात तेव्हा. हिवाळ्यात फार थंडी."

"ऑक्टोबर," ती म्हणाली. "घर कुठे?"

आणि मी पत्ता सांगितला. पोस्टल कोडसकट.

फोन ठेवला तर चैत्राली हातात बाऊल घेऊन दारात उभी. "तू त्या बाईला पत्ता दिलास?"

"अगं, म्हणायची पद्धत असते."

"आपल्यात असते, गौरांगी. 'या एकदा जेवायला' म्हणतो आणि समोरचा येत नाही, म्हणून आपण म्हणतो. त्यांना काय माहीत?"

"व्हिसा कोण देणार आहे तिला?" मी म्हटलं. आम्ही दोघी खूप हसलो.

रजा बदलून घेताना बॉसशी भांडले. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "ठरव गं बाई एकदाचं. मेथी निवडावी तशी हॉटेलं निवडत बसली आहेस. फेब्रुवारी तर फेब्रुवारी. माझा गुडघाही तोवर शहाणा होईल." मी साइटवरून फेब्रुवारीचं बुकिंग केलं. वरची खोली, अंगणाकडची. हॉटेल चालवणाऱ्या मिन नावाच्या मुलाने पक्कं झाल्याची मेल पाठवली. मी उत्तरात लिहिलं, आजींना माझा नमस्कार सांग. त्यावर काही आलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी होई आनला पूर आला. बातम्यांत पाहिला असेल तुम्हीही. लोक होड्यांतून गल्ल्यांत फिरत होते. मिनने हॉटेलच्या पेजवर फोटो टाकला. तळमजला दिसतच नव्हता. पिवळी भिंत आणि पाण्यातून नुसतं वर आलेलं दाराचं कपाळ. ज्या खोलीवर मी ऑगस्टमध्ये बोट ठेवलं होतं, तिच्यात त्या दिवशी आई असती. गुडघा धरून कॉटवर बसलेली. मी आईला लगेच फोन लावला.  "काय जेवलीस?" एवढंच विचारलं.

त्याच आठवड्यात देवयानीताई, आमच्या घरमालकीण, कपडे धुवायला खाली आल्या. वॉशर खालीच आहे. जाताना म्हणाल्या, "हल्ली पायऱ्या धुता वाटतं मुलींनो? छान. आधीच्या पोरांनी कधी झाडू लावला नव्हता."

मी चैत्रालीकडे पाहिलं. चैत्रालीने माझ्याकडे. आम्ही दोघींनीही कधी पायऱ्या धुतल्या नव्हत्या.

साइड डोअरपासून खाली येणाऱ्या त्या लाकडी पायऱ्या. मी कामावरून आले की त्या ओल्या असत. पाणी सांडलेल्या नव्हे, पुसलेल्या. कोपऱ्यात धुळीचा कण नाही. शेवटच्या पायरीशी एक वास असे. तो सांगता येणं कठीण आहे. चिखलाचा, पण इथल्या मातीचा नाही. कोमट, गोडसर, कुजलेल्या फुलांचा आणि नदीचा. बाहेर महिनाभर पाऊस नव्हता. देवयानीताईंच्या नवऱ्याने, शैलेंद्रदादांनी, पाइप तपासले, तळघरात झिरपलेलं पाणी उपसणाऱ्या सम्प पंपाचा खड्डा पाहिला. कोरडा ठणठणीत. "कंडेन्सेशन," ते म्हणाले. हा शब्द कॅनडात सगळ्याला पुरतो. मलाही तो पुरला. पायऱ्या कोणी धुऊन देत असेल तर तक्रार कसली? भाडेकरूंची घरं किती घाण ठेवतात मालक, हे मी रोज बघते.

चैत्राली मात्र डिसेंबरात ब्रॅम्पटनला मावशीकडे राहायला गेली. जाताना म्हणाली, "तुझ्या पाहुण्या बाईंना माझा नमस्कार सांग. मी भाडं देते त्यात तिसरं माणूस बसत नाही."

फेब्रुवारीत आम्ही गेलो. दा नांगच्या विमानतळावर आई पांढरे बूट घालून उभी होती. मी लांबून तिला ओळखलंच नाही. तिने ओळखलं. हॉटेलात पोचलो तेव्हा ती जिन्याच्या कठड्याला हात लावून क्षणभर थांबली, आणि मग एकेक पायरी करत वर गेली. वर पोचून म्हणाली, "बघ!" खिडकीतून अंगण दिसत होतं. सकाळी तिथे ऊन आलं. आकाश कोरडं होतं, नदी खाली होती, रस्ते झाडलेले होते. तसंच, ज्या क्रमाने सांगितलं त्या क्रमाने.

दुसऱ्या दिवशी मिनने आम्हाला घर दाखवलं. मुलगा हसरा, माझ्याच वयाचा. खालच्या भिंतीवर पुरांच्या खुणा होत्या, प्रत्येक पुराची एक रेघ, शेजारी साल. आईने शिक्षिकेसारखं बोट लावून सगळ्या वाचल्या. ऑक्टोबरची रेघ तिच्या डोक्याच्या वर होती. तिथे बोट पोचलं नाही. तिने माझा हात धरला.

छतात चौकोनी झरोका होता. वर जाड दोरी गुंडाळून ठेवलेली.

"आणि ह्या कोण?" आईने विचारलं.

जिन्याखाली देव्हाऱ्यासारखं काही होतं. फळं, उदबत्त्या, आणि एका म्हातारीचा फोटो. रुंद चेहरा, खांद्यावर टॉवेल.

"माझ्या बाबांची आजी," मिन म्हणाला. "मी जन्मायच्या आधीच्या एका पुरात गेली. सगळे वर गेले. तिने सांगितलं, आधी तुम्ही, मी जड आहे, मला शेवटी घ्या. मग दोरी खाली सोडली तर..." त्याने हात पसरले. "हॉटेलचा जुना फोन इथेच होता, तिच्या फोटोजवळ. तोही नंतरच्या एका पुरात गेला, त्याला वर्षं झाली. तू मेलमध्ये आजींना नमस्कार लिहिलास, माझ्या आईने वाचलं. ती रडली. मला काय लिहावं कळेना."

मी फोटोतल्या टॉवेलकडे बघत राहिले. 

मग तो जरा ओशाळून म्हणाला, "ऑक्टोबरपासून इथे उदबत्ती टिकत नाही. विझते. आई म्हणते, बा घरात नाही. कुठेतरी गेली आहे. दर पुरात कोणीतरी पायऱ्या धुतल्याचा आवाज येतो, या वेळी पहिल्यांदाच आला नाही."

आईने पर्समधून नागपूरहून आणलेली संत्र्याची बर्फी काढून फोटोपुढे ठेवली. हात जोडले. मराठीतच म्हणाली, "तुमच्या घरी फार छान व्यवस्था झाली हो. तुम्हीपण या एकदा आमच्या..."

"आई!" मी इतक्या जोरात ओरडले की मिनही दचकला.

"अगं, काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "त्या आधीच आल्या आहेत."

मार्चच्या शेवटी आईचा कॅनडाचा व्हिसा आला. तिसऱ्या वेळी. मुक्काम संपल्यावर ती देश सोडेल याची त्यांना खात्री पटली होती. मी बेसमेंटच्या मोठ्या खोलीत माझ्या पलंगासमोर तिच्यासाठी सोफा-बेड लावला. नवी चादर, पायाशी दुलई, उशाशी दिवा. तिकीट एप्रिलच्या मध्याचं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर सोफा-बेडच्या बरोबर वरची छताची टाइल काढलेली. पडलेली नव्हती. काढून, भिंतीला नीट टेकवून ठेवलेली. वर चौकोनी अंधार.

मी ती परत बसवली. शैलेंद्रदादा म्हणाले, ड्राफ्ट असेल, फटीतून येणारा वारा. पुढच्या दिवशी पुन्हा काढलेली. त्याच्या पुढच्याही. पायऱ्या ओल्या आणि स्वच्छ. मी सोफा-बेड दुसऱ्या भिंतीला सरकवला. दुसऱ्या संध्याकाळी पाहिलं तर आधीची टाइल जागेवर होती. सोफा-बेडच्या नव्या जागेवरची काढलेली होती.

तेव्हा मला कळलं. मला कुठलीही गोष्ट उशिरा कळत नाही, ही मात्र उशिरा कळली. ती मला घाबरवत नव्हती. ऑगस्टमध्ये सांगितलं तेच पुन्हा सांगत होती. आई खाली... नको.

मी त्याच पावली वर गेले. देवयानीताई पोळ्या करत होत्या. त्यांचा मुलगा चिराग हॅमिल्टनला युनिव्हर्सिटीत असतो, त्याची खोली रिकामी. मी म्हटलं, ताई, माझी आई वर राहील. भाडं वेगळं देईन. कारण विचारू नका, विचारलंत तर मी बेसमेंटच्या परवान्यापासून सुरुवात करेन.

देवयानीताईंनी लाटणं खाली ठेवलं. "अगं, धमक्या कसल्या देतेस? आई का वेगळी असते कोणाची? राहू दे की." फोन स्पीकरवर होता. पलीकडून चिराग म्हणाला, "She can have my room, whatever."

आईची बॅग, चादर, दिवा, सगळं वर नेऊन ठेवलं. सोफा-बेड मिटला. त्याच्या वरची टाइल बसवली, हाताने दाबून पाहिली. दुसऱ्या दिवशी ती जागेवर होती. त्याच्याही दुसऱ्या दिवशी. पायऱ्या कोरड्या, धूळ बसायला लागलेली. मला इतकं मोकळं वाटलं की मी मोठ्याने म्हटलं, "थँक यू, बा." उत्तर आलं नाही, ते बरंच झालं. वाटलं, पाहुण्या गेल्या. काम झालं, निरोप न घेता गेल्या.

आई परवा येते आहे. पावसाचा अंदाज नाही. बर्फ केव्हाच वितळलं, ग्रँड रिव्हर गावाबाहेर आपल्या पात्रात शहाण्यासारखी वाहते आहे, मी मुद्दाम जाऊन पाहून आले. किचनरला घरात पाणी येत नाही. मी हे कोणालाही खात्रीने सांगेन.

आज कामावरून लवकर आले. बाहेर लख्ख ऊन. दार उघडलं तर पायऱ्या ओल्या होत्या. मी खाली आले, दिवा लावला, आणि सवयीने आधी सोफा-बेडच्या वर पाहिलं. टाइल जागेवर.

माझ्या पलंगाच्या वरची काढलेली होती. भिंतीला नीट टेकवून ठेवलेली.

मी खुर्चीवर चढले. वरच्या अंधारात, पाइपांच्या मागे, आडव्या तुळईला जाड दोरी बांधलेली होती. शैलेंद्रदादांकडे असली दोरी नाही, मी आत्ताच विचारून आले. आई वर राहणार आहे. बाकीचं मी बघून घेईन, मी जड नाही.

फक्त गाठीला हात लावला तर ती ओली होती. आणि दोरी खाली सोडून पाहिली तर तिचं टोक माझ्या उशीपर्यंत पोचत होतं.